वीस अंश

नळाचं पाणी एकोणतीसवर.
पुडीवर लिहिलंय वीस.
फ्रीजमधला ट्रे पुरत नाही,
म्हणून संध्याकाळी चांगुणाबाईच्या पाटीतला बर्फ,
पापलेटांखालचा, दहा रुपयांना.
"पाहुणे आलेत?"
नाही, फिल्म धुवायचीय, म्हटलं,
तर तिने अजून एक खडा टाकला, फुकट,
घरात कुणी तापाने फणफणलंय अशा समजुतीने.

माहीमच्या या दोन खोल्यांत
पुरता काळोख फक्त न्हाणीत,
तोही रात्री दोननंतर.
दाराच्या फटीला चादर,
गिझरच्या लाल ठिपक्यावर चिकटपट्टीचे तीन थर.
या फिल्मला लाल दिवाही चालत नाही.
आपल्याला न दिसणारा उजेड तिला दिसतो.

मग नुसती बोटं.
घाम. रिळाच्या खाचेत अडकलेली फिल्म.
पहिला वळसा, दुसरा,
सगळं सोडून परत पहिला.
बाहेर अण्णा कडी वाजवतात,
"अगं, किती वेळ?"
दहा मिनिटं, म्हणते मी,
अंधारात दहा मिनिटं केवढी असतात ते न कळून.

झाकण बसलं. दिवा लावला.
सासरे आत, मी बादलीसकट ओट्यापाशी.
दर मिनिटाला डबा पालथा, सुलटा,
बुडबुडे सुटावेत म्हणून ओट्यावर एक टिचकी.

साडेपाचला पाणी आलं.
धुतली, मोज्यांच्या दोरीवर टांगली,
खाली वजनाला दोन चिमटे.

छत्तीस चौकोन.
आभाळ काचेसारखं मोकळं,
पानं कोळशासारखी गच्च.
खाडीकाठची तिवरं काळी,
शाळेमागचा पिंपळ काळा.
कागदावर हे सगळं पांढरंशुभ्र उमटेल.
जिवंत पान तो उजेड परत फेकतं,
एवढंच मला कळलेलं शास्त्र.

तेविसाव्यात गेटजवळचा पर्जन्यवृक्ष,
पालिकेने बुंध्यावर सत्तेचाळीस घातलेला.
तो काळा नाही.
पातळ, राखाडी.
त्याच्यातून मला
समोरच्यांची खिडकी दिसते,
खिडकीतली बरणीसुद्धा.

खाली गेले. मान वर केली.
हिरवा. घारीचं घरटं,
मागच्या संक्रांतीचा पतंग.
टेंडोलकर गाडी पुसत होते,
"याची सावली आहे म्हणून बरं, सीट तापत नाही."
हो म्हटलं.

फिल्म जुनी असेल.
अंधारात बोट लागलं असेल.
पण बाकीचे पस्तीस नीट आलेत.

आज पुन्हा रोल भरते,
छत्तीसच्या छत्तीस त्याचे.
चांगुणाबाई,
बर्फ जरा जास्त.