पुसणं

ऑगस्टात रुवीतला थंड पाण्याचा नळ खोटं बोलतो.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापते,
म्हणून गिझर बंद ठेवायचा
आणि गरमचा नळ सोडायचा:
त्यातलं पाणी त्यातल्या त्यात निवलेलं.
हे मला सात वर्षांपूर्वी खोलीतल्या कुणीतरी सांगितलं,
आता मी तुला सांगतोय.
तू सव्वादोन महिन्यांची. लक्षात ठेव.

तुझी आई रात्रपाळीला गेली.
फोनवर तिचा आवाज ठेवून गेली:
पाणी वीस मिनिटं उकळ. झाकण ठेव.
निवलं की खोबरेल एक चमचा, ढवळ,
बोट घालून बघू नकोस.
मी घातलं होतं.

विकतच्या ओल्या रुमालांनी तुझ्या मांड्या लाल झाल्या.
पाकिटावर हसरं बाळ,
पाठीमागे मुंगीच्या पायांएवढी अक्षरं;
ती तिनं टॉर्च लावून वाचली, शेवटपर्यंत,
आणि पाकीट लिफ्टशेजारच्या डब्यात टाकून आली.
मग कपाटाच्या तळातून काढली
मिरजेला शिकतानाची पांढरी सुती साडी,
धुऊन धुऊन सायीसारखी झालेली.
"काप," म्हणाली.
माझी कात्री पुढे जाईना.
शेवटी खालच्या कुन्हुमोन टेलरनं
निम्म्या साडीचे चौकोन केले नागमोडी कात्रीनं,
वीत वीत, बेचाळीस.
पैसे घेतले नाहीत. एवढंच विचारलं, मुलगी?

बाबूनजची सुकी फुलं मत्रहच्या बाजारात, मुराद बलोचकडे.
मी मूठभर मागितली, त्यानं चिमूटभर दिली.
"बच्च्यासाठी ना? मग कमी."
धंदा करायचा सोडून
माझ्या हाताकडे बघत राहिला.

हात बघण्यासारखेच आहेत.
मी डक्टवर ग्लासवूल गुंडाळतो;
काचेचा धागा कातडीत शिरतो, दिसत नाही,
रात्री कोपरापर्यंत खाज.
तुला उचलण्याआधी तीनदा धुतो,
तरी गाल नाही लावत,
मनगटाची आतली बाजू लावतो.

पहिल्या वेळी मी हुशारी केली:
आठवड्याचं एकदमच भिजवून ठेवलं
खजुराच्या रिकाम्या डब्यात.
चौथ्या दिवशी झाकण काढलं तर
कुबट वास, आणि कडेनं
काळे बारीक ठिपके, तिळासारखे.
तुझी आई रागावली नाही. म्हणाली,
"हे दोनच दिवस राहतं रे.
टिकावं म्हणून जे घालतात, तेच तिला टोचतं."

हे वाक्य मी कंपनीच्या बसमध्ये
घुबरापर्यंत चघळत गेलो.
माझा व्हिसा दोन वर्षांचा,
खोलीचा करार एक वर्षाचा,
तुझे रुमाल दोन दिवसांचे.
यातलं टोचत नाही ते एकच.

तीन वाजून दहा मिनिटं.
एसी खोकतो, तू जागी होतेस,
आधी तोंड वाकडं, मग आवाज.
मी चौकोन पिळतो, हातातच धरून कोमट करतो.
आमच्या वेंगुर्ल्याकडची म्हातारी माणसं
विचारण्याला पुसणं म्हणतात:
कोण आलं ते पूस, जेवला का पूस.
तसंच पुसतो तुला.
मांडीच्या घडीत, गुडघ्यामागे,
मानेखाली, जिथं दूध ओघळून आंबतं.
घासायचं नाही. टेकवायचं. थांबायचं.
लाली उतरलीय. डावीकडे थोडी आहे अजून.

एका चौकोनाच्या कोपऱ्यात
लाल दोऱ्यानं विणलेला आकडा आहे, ४७.
होस्टेलच्या धोब्यासाठी असणार,
एकोणीस वर्षांची असताना
तिनंच घातलेले टाके, जरा तिरके.
तो मी वापरत नाही.
उकळतो मात्र दर वेळी बाकीच्यांबरोबर,
पिळतो, सगळ्यांच्या तळाशी ठेवतो.
सकाळी ती येते, चपला काढायच्या आधी डबा उघडते,
ओले चौकोन बोटानं मोजते,
तळापर्यंत जाते.
अजून तरी तिनं काही पुसलेलं नाही.