रॉकेलवाला देवमासा

हिवाळाभर मी हाचिनोहेच्या चढावरच्या गल्ल्यांतून
रॉकेलची गाडी फिरवतो.
भोंग्यावर तीच एक धून, वीस वर्षं.
ती वाजली की दारं उघडतात, लाल डबे बाहेर येतात.

परवा भाची म्हणाली,
मामा, तू देवमासा झालास.

कोझुए रात्री एका जेलीफिशला बघते.
पडद्यावरची, चित्रातली. निळसर झालर, डोळे मोठे,
वय वर्षं तीनशे, जमीन कधी पाहिलेली नाही.
नाव शिओमी.
जेवलीस का विचारलं तर म्हणते,
शेवाळ खाल्लं, आज जरा खारट होतं.

तर मंगळवारी ती बोलत असताना मागून माझी धून आली.
सातशे माणसांनी ऐकली.
जेलीफिशला रॉकेल कुठून ठाऊक असणार?
ती थांबली. झालर हलत राहिली, ती आपोआप हलते.
मग म्हणाली,
"ऊब विकणारा देवमासा चाललाय वरून.
आठवड्यातून एकदाच येतो. आलेच हं."

अकरा मिनिटं पडद्यावर नुसती झालर,
आणि सातशे जण बसून.

मला आठवलं.
कुवाबारा-सान, दुसरा मजला, गंजलेला जिना.
अंगात कुणाचा तरी मोठा स्वेटर, पायांत दोन तऱ्हांच्या चपला.
उणे सात. अठरा लिटर.
वर नेऊन देऊ का, म्हटलं.
"नको" म्हणाली, इतक्या बारीक आवाजात
की मी तिचं डोकं हललेलं पाहून समजलो.
जिन्यात तीनदा डबा टेकवला तिनं.

कोझुएचा भाऊ म्हणतो, थापा आहेत सगळ्या.
सरळ सांगावं, स्टोव्ह विझलाय, थांबा जरा.
आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?
कोझुए म्हणते, थाप कसली, फसलं कोण?
सगळ्यांना कळलं होतं, म्हणून तर कुणी बोललं नाही.
एकानं फक्त विचारलं, देवमाशानं भाव वाढवला का?
ती धापा टाकत म्हणाली,
हो ना, डब्यामागे सहा शिंपले.

वाढवला होता. खरंच वाढवला होता.

गाडी पुसताना हेच डोक्यात घोळतं.
सगळी सोंगं आणता येतात, उबेचं सोंग आणता येत नाही;
तिच्यासाठी जिना उतरावाच लागतो.
पण उतरताना चित्रही उतरवायला हवं का?
बायको गेली त्या आठवड्यात मी हीच धून वाजवत होतो,
"थंडी फार आहे, काळजी घ्या" दारोदार म्हणत होतो,
आणि त्या वाक्यानं मला उभं धरलं होतं.
ओइनुमा आजींनी मात्र विचारलं,
सावागुची, तू कसा आहेस?
नळी हातात तशीच. तीनेक लिटर बर्फावर सांडलं.
त्याचंही मला वाईट वाटत नाही.
म्हणजे मी कुठल्याच बाजूचा नाही.

आज पुन्हा मंगळवार. तिच्या खिडकीत निळा उजेड.
वळणावरच भोंगा बंद केला.
जिन्याखाली रिकामा डबा होता, भरला,
वर नेऊन दाराशी ठेवला.
आतून हसण्याचा आवाज येत होता,
मोठा, खणखणीत, जिन्यातल्या बाईचा नव्हेच.
पावतीवर सहा शिंपले लिहिणार होतो.
मग येनचाच आकडा घातला.

उतरताना कठडा धरून उतरलो.
देवमाशाला गुडघे नसतात,
एवढं मलाही कळतं.