मोजदाद

कॉर्शमच्या पलीकडे, मेंढ्यांच्या कुरणात
एक लोखंडी झाकण. किल्ली डेरमॉटकडे.
आम्ही सात जण. हेल्मेटं उसनी,
माझं जरा सैल, म्हणून आत कापूस कोंबलेला,
दात काढल्यावर पेशंटला देते तोच.

शिडीच्या एकेचाळीस पायऱ्या.
वर एप्रिल होता, खाली ऋतूच नाही.
बारा महिने एवढाच गारठा, डेरमॉट म्हणाला,
जणू त्यानेच तो सांभाळून ठेवलाय.

मी दातांची डॉक्टर. सवय जात नाही.
छत पाहिलं नि आधी वाटलं, टाळू.
खांब म्हणजे दाढा,
आणि कुणीतरी एकेक दाढ पोखरत नेलेली,
वरचं ओझं पेलेल
बरोब्बर तेवढीच भिंत ठेवून.
काही ठिकाणी तेवढीही नाही.
तिथे ओंडके उभे केलेत, त्यांवर पांढरी बुरशी.
"इथे शिंकायचं नाही," हा डेरमॉटचा विनोद.
आयरिसला लगेच शिंक आली.
कोणी हसलं नाही. मग सगळेच हसलो.

हा दगड जमिनीखाली असतो तोवर ओला,
करवतीचं ऐकणारा.
वारा लागला की कठीण होत जातो.
(माणसांबद्दल काही म्हणायचं नाही, असं मी ठरवून आले होते.)

करवतीवर पाणी ठिबकवायचा डबा
अजून त्याच्या खाचेत.
कामगार गेले, छतातला थेंब थांबला नाही,
डब्यावर चुन्याचा थर चढला.
ओळखीचा थर, रोज खरवडते मी.
डबा कुठे संपतो, खाण कुठे सुरू होते,
हातमोजा काढून नखाने पाहिलं. लागलं नाही.

शेजारी भिंतीवर काजळीचा हिशेब :
चार उभ्या रेघा, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
शेवटच्या जुडीत तीनच.
खाली, हॅरीने सहा पेन्स बुडवले.

मग दिवे विझवायला सांगितलं.
डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले,
आणि आत्ता ते मिटलेत की उघडे, ते मी विसरले.
"डावीकडून नंबर," डेरमॉटचा आवाज. "वन."
टू, आयरिस, नाक ओढत.
थ्री. फोर कुणाचा, कळलं नाही.
"पाच," मी म्हणाले.
थेंब.
अजून एक थेंब.
मग सिक्स. सेव्हन.

दिवे लागले. कोणी काही विचारलं नाही.
फक्त सिक्स म्हणणारा पोरगा, कॅलम,
परतताना तो शब्द तोंडात घोळवत होता,
चिंचेतला च लावून.
जीभ दातांना टेकव, मी म्हटलं.

वर आलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता.
बेकरीच्या भिंतीला टेकून चहा प्यायलो,
भिंत खालचीच, आता कोरडी, टणक,
कुणाचंही न ऐकणारी.
तिसऱ्या घोटाला कॅलमला पाच नीट जमलं.
हेल्मेट परत केलं.
कापूस खिशात राहिला.