ऊकार

आदगोंडा मगदुमांनी टेबलावर रवा ठेवला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कोपऱ्यावरच्या मुंगीसकट.
"पहिली ओळ अशी टाक," म्हणाले,
"की बाजारगेटातनं जाणाऱ्यानं
गाडीचा ब्रेक दाबला पायजे.
बाकीचं खाली काय बी लिव्ह."

लक्ष्मीपुरीतल्या प्रेसच्या पोटमाळ्यावर
हाच माझा धंदा: पहिली ओळ.
थांबा! सावधान! फक्त तीन दिवस!
एका साडीवाल्याला 'शेवटची संधी'
गेल्या पाडव्यापासून सहा वेळा लिहून दिली.
उद्गारचिन्हं इतकी लागली
की जुन्या खिळ्यांच्या खणात
तेवढाच कप्पा रिकामा आहे.

दुपारभर खरडलं.
तुमच्या चहात रोज काय मिसळतंय?
हे तुम्हाला कुणीच का सांगत नाही?
आजीच्या हातचं गुपित...
खोडलं.
मगदुमांची आजी साखरेनं गेली.

संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर.
खालच्या पायरीवर एक पोरगं
गळाला कणकेची गोळी लावत होतं,
थुंकी लावून, जीव लावून.
गूळ लिहावा, ऊकार पुसावा, गळ उरतो,
एवढंच तर करायचं असतं, मला वाटलं.
मासा लागला. बोटाएवढा, ओठ फाटलेला.
पोरानं सोडवला, परत पाण्यात टाकला.
"ह्यो कालचाच हाय," म्हणालं.

रात्री रवा फोडला.
दुकानातल्यासारखा पिवळाधमक नव्हता.
काळपट, ओलसर, जुन्या विटेच्या रंगाचा,
पावडर न मारता काढलेला.
चव जिभेवर सावकाश आली,
आधी काकवी, मग धूर,
मग चुलवाणापाशी
कुणीतरी रात्रभर जागलेलं.

लिहिलं:
आमचा गूळ दिसायला चांगला नाही.

मगदुमांनी कागद उलटा करून पाहिला,
उरलेली ओळ मागे असावी तसा.
"ह्येचं पैसे द्यायचं व्हय?"
मी गप्प. गळ घातली नाही.
त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला,
पुन्हा वाचलं. ओठ हलवत.
खालून रिक्षाचा भोंगा ओरडत गेला,
फक्त आज, फक्त आज,
तो उमा टॉकीजकडं वळेपर्यंत ते थांबले.
मग म्हणाले,
"दिसायला न्हाई, हे खरंच हाय.
पन 'आमचा' तेवढं
मोठ्या अक्षरात टाक."