करण्यात आलं

मोन्तेविदेओ, रात्री आठची बातमी.
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा चौकोन,
चौकोनात ओतिलिया बेंतांकुर, काळ्या ब्लाउजमध्ये,
म्हणजे हात उठून दिसावेत.
निवेदक बोलतो. दीड श्वास मागून
ती त्याचं बोलणं बोटांत घेते.

एकोणीस वर्षं झाली.
आता तिला माणसाच्या आधी त्याचा प्रयोग ऐकू येतो.
कर्तरी, फीत कापायची असली की:
आम्ही पूल बांधतो, आम्ही रोजगार आणतो.
पुलाला तडा गेला की कर्मणी:
कंत्राट दिलं गेलं, अहवाल मागवला गेला.
आणि कोणी फारच खोदून विचारलं तर निव्वळ भावे,
उजाडतं, सांजावतं,
तसंच काहीसं बिनसलं.

अलंकार तर तिच्या मनगटात मुरलेत.
बाजार घाबरतो, महागाई डोकं वर काढते,
त्या डोक्याला मान कुठली द्यायची
हे रोज नव्यानं ठरवावं लागतं.
भाडेवाढ नव्हेच ही, ही तर दरांची फेररचना.
विरोधी नेत्याच्या धैर्याचं कौतुक
ती फक्त डाव्या भुवईनं करते.

आज गोदीतला संप, दिवस अकरावा.
"परिस्थितीने हिंसक वळण घेतलं.
गोळीबार झाला. दोघे जखमी झाले."

व्याकरणाला विचारा, ते सांगेल: कर्ता, गोळीबार.
जणू तो सकाळी आपणहून उठला,
दाढी केली, गोदीवर आला, आणि झाला.

तोंडाला हे चालतं.
हातांच्या भाषेत गोळी कुठून तरी सुटावी लागते.
आधी हवेत एक जागा नेमायची: हा इथे.
मग दुसरी: तो तिथे.
आणि क्रियापद या जागेवरून त्या जागेवर
उचलून न्यायचं.
पहिली जागाच नसेल
तर हात छातीपाशी अडून राहतो,
पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखा.

सेर्रोच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर,
तिचा बाप एलादिओ येर्बाचा तुंबा धरून बसलाय.
जन्मापासून ऐकू येत नाही;
छापखान्यात खिळे जुळवण्यात चाळीस वर्षं गेली.
वाक्यं त्यानं शिशात वाचली, उलटी,
त्यामुळे पोकळ कुठे आहे ते त्याला अंगठ्याला कळतं.
मागे एकदा त्यानं तिला विचारलं होतं,
ही परिस्थिती कोण बाई? कुठल्या गल्लीत राहते?
सारखी वळणं घेते,
हिला एकदाही अटक कशी होत नाही?

दीड श्वास. सवड एवढीच.
तिच्या समोरच्या पडद्यावर चित्रण चालू होतं,
शिरस्त्राणांची रांग डावीकडे, धूरही तिकडचाच.
तिनं डावीकडे जागा नेमली.
कपाळावर टोपीचा काठ, छातीवर बिल्ला.
उजवीकडे दोन माणसं, हात मोकळे.
गोळी तिनं डावीकडून उजवीकडे नेली.
तोवर निवेदक हवामानावर पोचला होता,
आणि ती पाऊस पाडताना विचार करत होती,
आपण पदरचं घातलं,
की त्यानं उचलून ठेवलेलं
पुन्हा जागेवर मांडलं?

गुरुवारी कागद आला.
तटस्थतेच्या मुद्द्याची दखल घेण्यात आली आहे.
प्रेक्षकांच्या सोयीसाठी कोपऱ्यातला चौकोन
लहान करण्यात येत आहे.
सही होती. नाव लागत नव्हतं.

रात्री आठ.
चौकोन आता काडेपेटीएवढा,
त्यात दोन हात, तांदळाच्या दाण्यांसारखे.

एलादिओ चष्मा पुसतो.
एलादिओ खुर्ची ओढतो,
अजून थोडी,
काचेवर त्याचा श्वास उमटेपर्यंत.