ही कुठंच थांबत नाही

पणजीच्या स्टँडवर सकाळी सात वीसला
मडगाव शटलच्या रांगेत माझ्यापुढे सत्तावीस डोकी.
मी मोजते. अकरा वर्षं मोजतेय.
उभ्यानं कुणाला घेत नाहीत, म्हणून
चाळिसाव्यापर्यंत नशीब,
आणि एकेचाळिसावा दुसऱ्या गाडीचा पहिला:
त्याचं तोंड एकदा बघण्यासारखं असतं,
हरल्याचं आणि पहिला आल्याचं, दोन्ही.

खिडकीत फेलिसियान.
पूर्वी कंडक्टर होता, मग शटल सुरू झाल्या,
शटलमध्ये कंडक्टर लागत नाही
म्हणून त्याला काचेमागे बसवला.
पाय अजून गाडीत असल्यासारखे
टेबलाखाली फाकवून बसतो.
सुट्टे नसले तर म्हणतो, ‘फाल्यां दी.’

टिफिनची पिशवी घेतलेली एक बाई विचारते,
बांबोळीला थांबेल ना? हॉस्पिटलात जायचंय.
‘ही खंयच रावना, बाय,’ तो सांगतो,
आणि काचेच्या भोकातून बोट काढून
पलीकडची खाजगी बस दाखवतो.
तिथं किलिंडर पोरगा दारात एका पायावर,
बांबोळी गोवाव्हेल्हा आगशी कुठ्ठाळी
एका श्वासात, मध्ये कुठं स्वल्पविराम नाही.
आत उभ्यांना म्हणतो फुडें वच, फुडें वच.
पुढं जागा नसतेच.

आगशी माझं माहेर.
सासर ताळगावला, नोकरी मडगावला, रजिस्ट्रारच्या ऑफिसात.
माहेर दोन्हींच्या मध्ये, अगदी रस्त्यावर,
आणि ते मला रोज दोनदा लागतं
साठच्या स्पीडनं.

बाबांचं दुकान कुकर-स्टोव्ह दुरुस्तीचं.
साडेसातला फळी उघडून ते बाहेर उभे राहायचे.
कुठल्या शटलमध्ये मी, ते त्यांना कळायचं नाही
(काच काळी, मी कधी डावीकडे कधी उजवीकडे)
म्हणून ते येईल त्या शटलला हात करायचे.
एकदा ड्रायव्हर सोयरू आरशात बघून म्हणाला,
‘त्या म्हाताऱ्याला कुणीतरी सांगा हो,
रोज हात दाखवतो. ही थांबत नाही.’
गाडीत कुणीतरी हसलं.
मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

मग नवा पूल झाला.
रस्ता खांबांवर चढला, आमच्या कौलांच्याही वर.
आता खिडकीशी येतात माडांचे शेंडे,
कुणाच्या गच्चीवरचे पापड, पाण्याची काळी टाकी,
आमच्या घराची ती एक बदललेली लाल कौलांची ओळ.
दुकान दिसत नाही.
सात मिनिटं वाचली, सगळे म्हणतात.
मीही म्हणते. ऑफिसात पंचिंग आहे.

गेल्या बुधवारी शटलची एक गाडी बंद पडली,
रांग कोपऱ्यावरून वळून भज्यांच्या गाड्यापर्यंत गेली
आणि माझा नंबर त्र्याऐंशी.
मी रांग सोडली.
खाजगी बसमध्ये चढले, अकरा वर्षांनी.
पोरग्यानं दप्तर ओढून आत घेतलं, मागोमाग मला.
बांबोळीला अर्धी बस उतरली, टिफिन आणि एक्स-रेची पाकिटं सांभाळत;
गोवाव्हेल्ह्याला एक कोंबडा चढला, मालकासकट;
प्रत्येक वडापिंपळाशी शिट्टी.
जुन्या खालच्या रस्त्यानं, खांबांच्या सावलीतून
आगशीला उतरले तेव्हा आठ वाजून पाच.

बाबा दुकानाबाहेर उभे होते.
मान पूर्ण मागे टाकून,
वर, पुलाच्या काँक्रीटकडे.
तिथून खालच्याला काही दिसत नाही,
फक्त जोडावरून चाक गेलं की धड्-धड् येतं.
धड्-धड् आलं.
त्यांनी हात वर केला.

मी अगदी जवळ जाऊन म्हटलं, बाबा.
ते वळले. माझ्याकडे पाहिलं,
माझ्या दप्तराकडे, निघून जाणाऱ्या बसकडे.
हात अजून वरच होता.
‘मग,’ म्हणाले, ‘आत्ता वरून गेली ती कोण?’