तोंड कुठे आहे?

गट साधन केंद्राच्या हॉलमध्ये
सकाळी दहापासून आम्ही सत्तावीस कलाशिक्षक,
म्हणजे कागदावर कलाशिक्षक.
एरवी कुणी गणिताचा तास घेतो,
कुणी पोषण आहाराचे तांदूळ मोजतो,
खोब्रागडे तर हार्मोनियमपेक्षा जास्त वर्षं
मतदारयाद्या वाजवतोय.
विषय: कला व मूल्यमापन. चहा दोनदा. भत्ता नाही.

वंजारी मॅडम म्हणाल्या,
वह्या काढा, या वर्षीच्या वर्णनात्मक नोंदी वाचा.
मी वाचल्या.
आवडीने रंग भरतो. आवडीने रंग भरते.
त्रेचाळीस मुलं,
आणि फरक एका कान्याचा.
हॉलमध्ये कुणी हसलं नाही.
सगळ्यांकडे तीच बाजारातली मार्गदर्शिका,
पान चौदा.

मग म्हणाल्या, उद्या आणा
एकाच मुलाची तीन चित्रं,
जूनचं, दिवाळीआधीचं, फेब्रुवारीतलं.
शेजारी शेजारी ठेवा. गुण देऊ नका.
नुसतं सांगा, काय बदललं.

चिखलडोंगरीला पोचलो तेव्हा शाळेला कुलूप,
किल्ली पेंदामकडे,
पेंदाम मासे धरायला तलावावर.
टॉर्च दातांत धरून गठ्ठे उपसले.
वाळवीनं अर्धा ऑक्टोबर खाल्लेला.
सुकेशनी रामटेके, सहावी.
तिच्या तीन गाई सापडल्या.

जूनची गाय माझीच.
मी फळ्यावर काढून दिलेली,
डावीकडे तोंड, चार पाय ओळीत,
पोटाखाली गवताचे तीन झुपके. श्रेणी अ.
ऑक्टोबरची तीच, पण धानाच्या बांधीत उतरलेली,
खूर चिखलात गेलेले. श्रेणी ब.
फेब्रुवारीची:
दोन टोकदार हाडं, मधून शेपूट,
शेण वाळलेल्या मांड्या,
आणि त्यांच्यापलीकडे बारीक होत गेलेली वाट.
शिंगं नाहीत. डोळे नाहीत.
खाली माझी लाल शाई: तोंड कुठे आहे?
श्रेणी क.

तिन्ही कागद फरशीवर मांडले.
टॉर्च दातांत होता म्हणून बरं,
नाहीतर काहीतरी बोललो असतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी एवढंच विचारलं,
ही मुलगी शाळेआधी काय करते?
मला माहीत नव्हतं.
रेषेबाहेर रंग जातो, हे माहीत होतं.

सोमवारी तिला विचारलं. घाबरलेला मीच.
"थे पुढं चालते सर, मी मांगं.
तोंड कसं दिसन?"
आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली,
अजून एखादा प्रश्न असेल तर असो म्हणून.

नोंदवहीतला रकाना दोन बोटं रुंद.
मी लिहीत गेलो:
जिथं उभी असते तिथून बघते आता.
लांबची वाट बारीक होते, हे तिचं तिला कळलं.
माझ्या गाईपासून सुटली.
अक्षरं शेजारच्या रामगिरकरच्या रकान्यात शिरली.
मुख्याध्यापक चष्मा वर करून म्हणाले,
गुरुजी, हे पोर्टलवर कुठं बसवू?
तिथं चार गोल आहेत, एक काळा करायचा.

उरली बेचाळीस.
मार्च संपायला अकरा दिवस.

काल संध्याकाळी, गुरं परतायच्या वेळी,
वही घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.
अठ्ठावीस वर्षं खडू धरलेला हात.
कमरेचं हाड जमेना, शेपूट दोरीसारखं.
सुकेशनी थांबली, काठी बगलेत,
बराच वेळ वहीत बघत राहिली.
"माश्या डावीकडं होत्या सर," म्हणाली,
"शेपूट तिकडं पायजे."
आणि निघाली.
गाय पुढं गेली होती.